मिलिटरीचे जुने क्रोनोग्राफ गोळा करायचेत? मग आधी झाकण उघडायला लावा

परवा एका दोस्तानं रात्री अकराला घड्याळाचा फोटो टाकला, काळी डायल, आत दोन छोट्या चकत्या, मागं सरकारी मालाचा बाण कोरलेला, आणि खाली लिहिलंय, "घेऊ का बे, आर्मीचं आहे म्हणतोय." मी म्हटलं मागचं झाकण उघडून आतल्या मशीनचा फोटो मागव. दहा मिनिटांनी उत्तर आलं, विकणारा म्हणतोय झाकण जाम झालंय उघडत नाही. झालं, तिथंच विषय संपला. घड्याळ विकायला काढलंय आणि झाकण उघडत नाही म्हणजे आत काय आहे ते त्यालाही माहितीय आणि ते तुम्हाला दाखवायचं नाहीये, एवढंच.

हे सगळं लिहितोय कारण सोलापुरात बसून जुनी मिलिटरी घड्याळं जमवायचा हा छंद करणारे आम्ही चार-पाच जण आहोत आणि पाचही जण सुरवातीला फसलोय. माझंच सांगतो. पहिला क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉचवालं घड्याळ, घेतला २२ हजाराला, मागं बाण, नंबर, वर्ष ७२, डायलवर इंग्लिश कंपनीचं नाव, मी हवेत. नव्या पेठेत आमचे एक चाचा आहेत, खुर्ची टेबल आणि डोळ्याला लावायचं भिंग एवढंच दुकान, त्यांच्याकडं नेलं. मी ठप्पा दाखवायला लागलो तर म्हणाले, "ठप्पा कोन बी मारता बेटा, मशीन दिखा पहले." झाकण उघडलं आणि आत चकचकीत नवीन चायना मशीन. मशीन वाईट नव्हतं हां, उलट दिसायला सुंदर होतं, पण ७२ सालच्या ब्रिटिश घड्याळात ते असायचं काहीच कारण नाही. तेव्हापासून एकच नियम धरलाय, आधी मशीन, मग केस म्हणजे बाहेरची बॉडी, मग डायल आणि शिक्का सगळ्यात शेवटी. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात.

आता 'इश्यू' म्हणजे काय ते नीट समजून घ्या कारण अर्धा घोळ इथंच होतो. इश्यू झालेलं घड्याळ म्हणजे सरकारनं विकत घेतलेलं, स्टोअरच्या रजिस्टरवर चढलेलं, पायलटला किंवा नॅव्हिगेटरला सही करून दिलेलं आणि काम संपलं की परत जमा करायचं. फौजी माणसानं कॅन्टीनमधून स्वतःच्या पगारातून घेतलेलं घड्याळ इश्यू होत नाही. आपल्याकडं आजोबांच्या ट्रंकेत जे निघतं ते बहुतेक एचएमटी जवान, वेस्ट एंडचं सोवार नाहीतर फेवर ल्युबा. सगळी छान घड्याळं आहेत, जपून ठेवा, पण ती क्रोनोग्राफ नाहीत. क्रोनोग्राफ म्हणजे ज्यात वेळ दाखवणाऱ्या काट्यांशिवाय वेगळा स्टॉपवॉच आहे, बटण दाबलं की मधला मोठा सेकंद काटा पळतो आणि छोट्या चकतीत मिनिटं मोजली जातात. बॉम्बर विमानात किंवा जहाजावर 'या दिशेला इतके मिनिट इतके सेकंद' असं मोजून चालायचं असायचं म्हणून हे लागायचं, मिरवायला नाही.

मशीनवर येऊ, कारण खरी मजा तिथंच आहे आणि मी इथं जरा रेंगाळणार आहे. क्रोनोग्राफचा स्टॉपवॉच चालू-बंद करायच्या दोन पद्धती. एकात खांबांचं छोटं चाक असतं, वरून बघितलं तर किल्ल्याच्या बुरुजासारखं दिसतं, त्याला कॉलम व्हील म्हणतात. दुसऱ्यात एकावर एक बसवलेल्या, आकार दिलेल्या पत्र्याच्या पट्ट्या सरकतात, त्याला कॅम म्हणतात, हे बनवायला स्वस्त आणि दणकट. आता ब्रिटिशांनी १९७० च्या दशकात हॅमिल्टन, सीडब्ल्यूसी आणि पुढं १९८०-८१ ला न्यूमार्क, प्रेसिस्टा अशा चार नावांनी जवळपास सारखे दिसणारे क्रोनोग्राफ घेतले, केस एका बाजूला जाड, बटणाच्या बाजूला फुगीर, म्हणजे बटणांना मार लागू नये. या चौघांत आत व्हॅल्जू या स्विस कंपनीचं ७७३३ मशीन, आणि ७७३३ हे कॅमवालं आहे. म्हणजे असलं घड्याळ उघडलं आणि आत बुरुजवालं चाक दिसलं तर पुढं बघायचं कामच नाही, घड्याळ बंद करा, पैसे खिशात ठेवा, चहा प्या. माझ्या २२ हजारात नेमकं तेच होतं.

ते चायना मशीन कुठून आलं ती पण गोष्ट आहे. स्वित्झर्लंडमध्ये व्हीनस १७५ नावाचं कॉलम व्हीलवालं मशीन बनायचं, त्याची सगळी टूलिंग, म्हणजे बनवायची अवजारं-साचे, १९६१ च्या सुमारास चीननं विकत घेतली आणि तिआंजिनच्या फॅक्टरीत चिनी हवाईदलासाठी क्रोनोग्राफ केला. आज त्याच घराण्यातलं एसटी१९ मशीन नव्यानं बनतं आणि '१९६३' नावानं नवी घड्याळं मिळतात. नवीन म्हणून घ्या, हरकत नाही, मला आवडतं. पण मागं काचेचं झाकण लावलेलं १९६३ कुणी 'ओरिजिनल चायना एअरफोर्स, आजोबांचं' म्हणून विकत असेल तर आजोबांना विचारा त्या काळात मागं काच कोण लावायचं.

रशियाचं पण असंच. मॉस्कोच्या पहिल्या घड्याळ फॅक्टरीनं व्हॅल्जू ७७३४ ची टूलिंग घेतली आणि १९७६ पासून पोलियोत ३१३३ काढलं, पायलटसाठी श्तुर्मान्स्की आणि नेव्हीसाठी ओकेआन. नवख्या माणसानं पहिलं घड्याळ कुठलं घ्यावं असं मला विचाराल तर मी ३१३३ सांगतो, सुट्टे भाग मिळतात, मशीन समजायला सोपं, आणि चुकलं तर घर विकावं लागत नाही. फक्त एवढं ध्यानात ठेवा की ३१३३ नंतर साध्या लोकांनाही ढिगानं विकलंय, डायलवर विमान छापलं म्हणून ते मिलिटरीचं होत नाही.

आता एक युक्ती सांगतो, ही आमच्या ग्रुपमध्ये एका पोरानं शोधली आणि फुकट आहे. ७७३३ तासाला १८,००० ठोके टाकतं, म्हणजे सेकंदाला ५. ३१३३ आणि एसटी१९ दोन्ही २१,६०० चे, म्हणजे सेकंदाला ६. विकणाऱ्याला सांगायचं घड्याळाला चावी भरा, मोबाईल अगदी टेकवून एक मिनिट व्हिडिओ काढा, आवाज नीट आला पाहिजे. तो आवाज घड्याळ तपासायच्या फुकट ॲपमध्ये टाकायचा, ठोके लगेच मोजून येतात. सांगतोय ब्रिटिश ७७३३ आणि ठोके येतायत २१,६००, म्हणजे झाकण न उघडताच कळलं आत दुसरंच काहीतरी बसवलंय. उलट बाजूनं मात्र हे चालत नाही, १८,००० आले म्हणजे खरंच असेल असं नाही, कारण १८,००० ची साधी मशीनं शेकड्यानं आहेत.

बाकी देशांची नावं पटापट सांगतो, कारण ही बहुतेक लाखांतली घड्याळं आहेत आणि मी स्वतः यातली दोनच हातात धरलीयत. फ्रान्सचं टाईप २०, १९५० च्या दशकापासून, ब्रेगे, मॅथी-टिसो, ऑरिकोस्त, ऐरां, दोदान, विक्सा अशा कंपन्यांनी केलेलं, फ्लायबॅक असलेलं. फ्लायबॅक म्हणजे स्टॉपवॉच चालू असतानाच खालचं बटण दाबलं की काटा शून्यावर येऊन लगेच परत पळायला लागतो, तीनदा दाबायचं काम एकदाच, विमानात एका वळणावरून दुसऱ्या वळणाला लागताना हेच लागतं. यांच्या पाठीवर एफजी आणि पुढं तारीख असे एकापेक्षा जास्त ठप्पे असतात, ती गॅरंटी संपायची म्हणजे पुढच्या सर्व्हिसिंगची तारीख, त्यामुळं पाठीवरच घड्याळाची कुंडली वाचता येते. जर्मनीचं हॉयर बुंडेसवेअर, व्हॅल्जू २३० मशीन, हेही फ्लायबॅक, डायलवर लाल गोलात ३एच, म्हणजे ट्रिटियम, त्याचं पुढं सांगतो. यातली बरीचशी नंतर झिन कंपनीनं दुरुस्त करून स्वतःच्या नावाच्या डायलनं विकली, तेव्हा झिन नाव दिसलं म्हणून लगेच खोटं म्हणू नका. इटलीचं झेनिथ सीपी-२, कैरेल्ली नावानं, अवघी २५०० बनवलेली. आणि लेमानियाचे एका बटणाचे ब्रिटिश क्रोनोग्राफ, त्याच बटणानं चालू, बंद, शून्य. माझं सगळ्यात लाडकं, पण दुरुस्तीला सगळ्यात त्रासाचं, भाग मिळत नाहीत.

स्वस्तात खरंखुरं इश्यू झालेलं हवंच असेल आणि सेल टाकायची लाज वाटत नसेल तर सेको कंपनीचं ७ए२८ बघा. १९८० च्या दशकात ब्रिटिश हवाईदलानं घेतलेलं क्वार्ट्झ क्रोनोग्राफ आहे, पण आतली चाकं धातूची, १५ ज्वेल्स म्हणजे चाकांच्या टोकाला बसवलेले खडे, उघडून साफ करता येतं. क्वार्ट्झ म्हणून नाक मुरडणारे मुरडू देत.

शिक्के आता. ब्रिटिश घड्याळावर सरकारी मालाचा बाण असतो, तीन रेघांचा, कोंबडीच्या पायासारखा. त्याच्यासोबत ०५५२ म्हणजे रॉयल नेव्ही, ६बीबी म्हणजे हवाईदल, डब्ल्यू१० म्हणजे आर्मी. वर सांगितलेल्या ७७३३ वाल्यांवर त्यापुढं ९२४-३३०६ येतं, आणि खाली घड्याळाचा स्वतःचा नंबर, तिरकी रेघ आणि वर्षाचे दोन आकडे. नेटो पद्धतीचा लांब नंबर असेल तर पहिले चार आकडे ६६४५, म्हणजे वेळ मोजायची साधनं, आणि पुढचे दोन देशाचे, ९९ ब्रिटन, १२ जर्मनी, १४ फ्रान्स, १५ इटली. म्हणजे कुणी तुम्हाला जर्मन घड्याळ विकतोय आणि मागं ६६४५-९९ आहे तर काहीतरी शिजतंय. खोट्या कोरीवकामाची ओळख म्हणजे झाकणावर पन्नास वर्षांचे ओरखडे आहेत पण अक्षरांच्या आत मात्र धूळ नाही, मळ नाही, कडा धारदार. ओरखडा अक्षरावरून जायला हवा, अक्षर ओरखड्यावरून नाही.

यावरून एक किस्सा. मंगळवार बाजारात एकानं मला छान मोठा क्रोनोग्राफ दाखवला आणि म्हणाला साहेब हे १९३० च्या मार्शल लॉमधलं, तेव्हा सोलापुरात गोरे सोल्जर होते ना, त्यातल्या एकाचं राहिलेलं. मार्शल लॉ खरा, इतिहास खरा, सांगण्याची पद्धत तर फारच खरी, माझ्या अंगावर काटा आला. पण डायलवर सहाच्या खाली बारीक टी छापलेला. टी म्हणजे ट्रिटियम, अंधारात चमकणारा रंग, आणि तो घड्याळांवर आला १९६० च्या आसपास. तीस वर्षं आधी राहून गेलेलं घड्याळ कसं काय ओ ट्रिटियम लावून बसलं? मी काही बोललो नाही, नमस्कार केला आणि निघालो, कारण गोष्ट फुकट ऐकायला मिळाली होती.

चमकणाऱ्या रंगाचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. आपल्याकडं रेडियम म्हटलं की नंबर प्लेट आणि रिक्षाच्या मागचं स्टिकर डोळ्यासमोर येतं, ते खरं रेडियम नव्हे. जुन्या, म्हणजे १९६० च्या आधीच्या बऱ्याच मिलिटरी डायलवर खरंखुरं रेडियम आहे, किरणोत्सर्गी, अर्धं व्हायला १६०० वर्षं लागतात. चमकणं बंद झालं म्हणजे रेडियम संपलं असं नाही, त्यातलं चमकणारं रसायन मेलेलं असतं, रेडियम तसंच. ट्रिटियमचं तसं नाही, ते १२ वर्षांत अर्धं होतं, त्यामुळं ७० च्या दशकातली घड्याळं आज चमकत नाहीत आणि चमकायलाही नको. ७४ सालचं ट्रिटियम डायल रात्री लख्ख दिसतंय म्हणजे कुणीतरी नवा रंग भरलाय. रेडियमवालं घड्याळ असेल तर काच बंदच ठेवा, स्वतः उघडू नका, रंग खरवडायचा तर विचारही नको, भुकटी श्वासात गेली तर वाईट. पोरांच्या हाती द्यायचं नाही, उशाशी ठेवायचं नाही, आणि पाच-सहा रेडियमची घड्याळं एका बंद डब्यात कोंडून ठेवायची नाहीत कारण त्यातून रेडॉन गॅस साठतो. चाचांकडं देताना आधी सांगा की यात रेडियम आहे, ते बिचारे फुंकर मारून धूळ उडवतात.

आणि जाता जाता आपल्याच घरची गोष्ट. परदेशातले संग्राहक 'मुंबई स्पेशल' असा शब्द वापरतात आणि ते कौतुक नाहीये. आपल्याकडं जुन्या घड्याळाची डायल पुन्हा रंगवून, तीन घड्याळांचे भाग एकत्र करून, केसला बफ मारून चकचकीत केलेला माल, त्याला हे नाव पडलंय. ओळखायचं कसं, अक्षरं जाड-बारीक, मिनिटाच्या रेघा चकतीच्या कडेला नीट मिळत नाहीत, कंपनीचं नाव वाकडं, आणि लाल पिवळी निळी अशी डायल जी कंपनीनं कधी काढलीच नाही. मिलिटरीच्या घड्याळात तर डायल बहुतेक काळी किंवा पांढरी, रंगाची हौस सरकारला फारशी नव्हती. बफ मारलेली केस पण टाळा, कडा गोल झाल्या की परत येत नाहीत. माझ्या मते ओरखडे असलेलं मळकं घड्याळ हे बफ मारलेल्यापेक्षा दुप्पट किमतीचं, बाकी लोक काही म्हणोत.

हातात आल्यावर काय करायचं. चावी हळू भरा, अडली की थांबा. स्टॉपवॉच चालू करा आणि दहा मिनिटं सोडा, मधला काटा अडखळतो का बघा, प्रत्येक फेरीला मिनिटाचा काटा एकच घर पुढं जातो का बघा. मग थांबवून शून्यावर आणा, सगळे काटे बरोबर शून्यावर बसले पाहिजेत, एक घर इकडं तिकडं म्हणजे कुणीतरी काटे काढून चुकीचे बसवलेत. स्टॉपवॉच लावल्यावर घड्याळच मागं पडायला लागलं तर सर्व्हिसिंगचा खर्च किमतीतून वजा करूनच बोला. आणि फ्लायबॅक नसलेल्या घड्याळाचं खालचं बटण काटा पळत असताना दाबू नका, बटण विरोध करत असेल तर जोर तर अजिबात लावू नका.

मेकॅनिकचं मी आधीच सांगायला हवं होतं, पण असू दे. घड्याळ घ्यायच्या आधी दुरुस्त कोण करणार ते ठरवा. सोलापुरात एचएमटीला हात लावणारे आहेत, सेल बदलणारे गल्लोगल्ली आहेत, पण क्रोनोग्राफ उघडून परत बसवणारे बोटावर मोजण्याइतके. आमचे चाचा ७७३३ आणि ३१३३ करतात, लेमानिया बघितलं की हात जोडतात. मग सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं पुणे गाठायचं, घड्याळ देऊन संध्याकाळी परत, आणि मग दोन-तीन महिने वाट. म्हणून माझी निवड सरळ आहे, जे मशीन माझा माणूस उघडू शकतो तेच मी घेतो. परदेशातून मागवताना कस्टम ड्यूटी आणि कुरिअर धरून हिशोब करा, घड्याळाच्या किमतीवर बरीच मोठी रक्कम चढते. आणि पार्सलवर 'गिफ्ट' लिहायला सांगण्याची हुशारी करू नका, अडकलं की तुम्हीच पळणार.

आपल्या उन्हाचं पण बघा. एप्रिल-मे मध्ये सोलापूर ४२-४३ ला जातं, वरच्या मजल्यावरच्या लोखंडी कपाटात तर भट्टी होते आणि आतलं तेल सुकतं, पसरतं. खालच्या खोलीत लाकडी ड्रॉवर बरा. पावसाळ्यात सोबत सिलिका जेलची पुडी. जुन्या केसवर पाणी चालतं असं लिहिलेलं असलं तरी विश्वास नको, पन्नास वर्षांचं रबर आहे ते. महिन्यातून एकदा चावी भरून स्टॉपवॉच चालवा, नुसतं ठेवून दिलं की बटणं जाम होतात.

पट्ट्याचं राहिलं. या ब्रिटिश घड्याळांना बहुतेक पट्ट्याची पिन केसला पक्की जोडलेली असते, काढता येत नाही, म्हणजे पिन उडून घड्याळ पडायला नको. त्यामुळं दोन तुकड्यांचा चामडी पट्टा बसत नाही, एकच लांब नायलॉनची पट्टी पिनांखालून ओवायची. मी एकदा हौसेनं सोलापुरी चादरीच्या तुकड्याचा पट्टा शिवून घेतला होता, मेंढ्याची नक्षी मनगटावर, दिसायला झकास. पण कापड इतकं जाड की पिनेखालून जाईना, पक्कडीनं ओढलं तर नक्षीच उसवली, आणि शिवणारे काका म्हणाले पुढच्या वेळी टॉवेलचं कापड आणा.